गायरानातला इम्तिहान

मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, बैलगाडी हाकायला कुणाची परवानगी लागत नसे. पिऊन हाका, झोपेत हाका, बैलांना रस्ता ठाऊक असला म्हणजे झालं. पण मोटार हाकायची तर परभणीच्या कोतवालीत जाऊन लायसन काढावं लागे. त्यातून माणूस इंग्रजी हद्दीतला असला, की त्या कचेरीची पायरी एकदम छातीइतकी उंच होई.

शिवाप्पा वैरागचा. वैराग बार्शीजवळ, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. तो आता राहत होता त्या परभणीजवळच्या मानवतची भाषा तीच, ज्वारीची भाकरी तीच, लिंगायताच्या गळ्यातलं लिंगही तेच. पण मध्ये कुणीतरी दगड रोवून हद्द आखली होती, आणि त्या दगडाच्या अलीकडे शिवाप्पा परदेशी होता. सरकारी बोलीत गैरमुल्की. सोलापूरला काढलेलं इंग्रजी लायसन त्यानं मोठ्या तोऱ्यात मददगार साहेबांपुढं ठेवलं. मददगार साहेब म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांचे दुय्यम साहेब, उन्हाळ्यातच नवे आलेले. त्यांनी मेलेली पाल उचलावी तसा तो कागद दोन बोटांनी उचलला.

"ये अंग्रेज का कागज है. यहाँ सरकार-ए-आली का कानून चलता है. मुल्की हो?"

"जी, वैरागचा हाय."

"मतलब गैरमुल्की," साहेब म्हणाले, आणि कागद टेबलावरून सरकवला तो थेट खाली पडला. शिवाप्पानं वाकून उचलला. साहेबांनी अट सांगितली. मोगलाईतला कुणी प्रतिष्ठित माणूस जामीन राहिला पाहिजे, आणि साहेब स्वतःच्या डोळ्यांनी इम्तिहान घेतील. कधी घेतील? साहेबांना सवड होईल तेव्हा.

हा गडी मानवतला आला तरी कसा? ईश्वरअप्पामुळे. ईश्वरअप्पा मानवतमधले कापसाचे मोठे व्यापारी, स्वतःचा सरकी काढायचा जिन, लिंगायत पंचांत पहिलं आसन. कापसाच्या गाठी स्टेशनवर पोचवायला त्यांनी सोलापुरातून एक जुनी लारी विकत घेतली, तेव्हा ध्यानात आलं की अख्ख्या मानवतमध्ये ती चालवणारा एकही नाही. मग गायीबरोबर वासरू यावं तसा लारीबरोबर ड्रायव्हर आला, आणि ड्रायव्हरबरोबर त्याची बायको भागम्मा. तिला तेव्हा दिवस गेले होते. वैरागात मागं काही उरलं नव्हतं. थोरल्या भावानं घर गिळलं होतं आणि जाताना तोंडावर दार लावलं होतं.

पहिला हंगाम जुन्या साहेबांच्या कृपेनं बिनलायसनचा पार पडला. डोळे झाकायची कला जुन्या साहेबांना चांगली अवगत होती. नव्यांना ती नव्हती. ईश्वरअप्पा जामीन राहिले खरे, पण लगेच बजावलंही, "शिवाप्पा, दसऱ्यानंतर कापूस येतो. तवर लायसन झालं तर झालं. न्हाईतर तुझी वाट तुला, माझी मला. बिनलायसनचा ड्रायव्हर घिऊन मी काय पूजा करू?"

शिवाप्पानं मान हलवली. अडला हरी, दुसरं काय करणार?

फाल्गुनात भागम्माला मुलगी झाली. शिवाप्पानं आईचं नाव ठेवलं, बसम्मा. आता लिंगायताच्या घरी मूल जन्मलं की स्वामी येतो आणि त्याला लिंग बांधतो. मोठ्यांच्या गळ्यात असतं तसंच, कापडात गुंडाळून, इवल्याशा अंगाला. त्या लिंगानं मूल शिवाचं होतं, जातीचं होतं. मानवतचा स्वामी तयार होता, दोनदा दारावरून गेलाही.

"बांधून घिऊ की," भागम्मा म्हणाली. "इथला स्वामी काय वाईट हाय व्हय?"

"वाईट न्हाई गं. पर आपला मठ वैरागचा. माझ्या आज्याला, बापाला तितंच बांधलंय. लायसन होऊ दे. मालकाची लारी मागतो, तुला अन् पोरीला पुढं बसवतो अन् वैरागात भोंगा वाजवीत नेतो. दादानं बगावं."

खरी गोम तिथं होती. मठाची निष्ठा चार आणे, आणि भावाच्या नाकासमोरून लारी नेण्याची हौस बारा आणे. शिवाप्पा वाईट माणूस नव्हता, पण आपल्याला हाकलून देणाऱ्यांना आपलं ऐश्वर्य दाखवायची खाज भल्याभल्यांनाही सुटते. लायसन आज होईल, उद्या होईल, आणि त्या कागदापायी पोरीचं लिंग लांबत गेलं. परभणीच्या खेपा चालू राहिल्या. साहेब दौऱ्यावर असत, साहेब जेवायला गेलेले असत, साहेब असत तेव्हा त्यांचं डोकं दुखत असे.

श्रावणात पोरीला ताप चढला. वैद्याचा काढा झाला, दृष्ट काढून झाली, आणि दोन रात्रींत पोर हातची गेली. भागम्मानं तिला मांडीवरून खाली ठेवायला सकाळ उजाडू दिली. शिवाप्पा ईश्वरअप्पांकडे गेला, पंच जमले, आणि तिथं तो प्रश्न निघाला.

"लिंग बांधलंवतं का?" ईश्वरअप्पांनी विचारलं.

"न्हाई, आप्पा. वैरागला बांधायचं हुतं."

ईश्वरअप्पांनी इतर पंचांकडे पाहिलं. स्वामी जमिनीकडे बघत बसला. त्याला बोलता आलं असतं, दोनदा त्या दारावरून तोच गेला होता. पण ईश्वरअप्पांच्या घरचं जेवण तो रोज जेवत होता.

"लिंग न्हाई, त्येला रुद्रभूमीत पुरायला जागा न्हाई," ईश्वरअप्पा म्हणाले. "अन् तुमचा मठ कोणचा, कूळ कोणचं, हितं कुणाला ठावं? उद्या समदेच येतील. कुंपणाच्या भाईर गायरान हाय, तितं ठिवा. खूण करू नगा, दगड लावू नगा. गायरान सरकारी हाय. इजाजत नसताना पुरलं मनून कुणी बोंबललं, तर जबाब मला द्यावा लागंल."

वैरागच्या माणसाला सरकारनं हद्दीबाहेर ठेवलं होतं, जातीनं त्याच्या पोरीला कुंपणाबाहेर ठेवलं. लिंगायताचा मेलेला माणूस बसता पुरतात, देवापुढं बसल्यासारखा. शिवाप्पानं स्वतःच्या हातानं पोरीला मांडी घालून बसवलं, माती लोटली, पायानं सपाट केली. वर गवताचं ढेकूळ ठेवलं. भागम्मा कुंपणापाशी उभी राहून जागा डोळ्यांत भरून घेत होती. त्यानंतर ती रोज तिकडं जाऊ लागली. शेण गोळा करायच्या निमित्तानं जाई, घटकाभर बसे आणि परत येई. नवऱ्याला तिनं एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या तोंडावर मददगार साहेब दौऱ्यावर मानवतला आले. ईश्वरअप्पांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं, मुसलमान खानसामा सेलूहून मागवला, घरच्या लिंगायत बायकांनी नाकाला पदर लावून दोन दिवस काढले. साहेब खूश झाले. म्हणाले, "तुम्हारे ड्रायव्हर का इम्तिहान यहीं ले लेते हैं. कोई खुली जगह है?"

"हाय की, साहेब. गायरान हाय. सपाट, मोकळं. लिंबाखाली खुर्ची टाकायला सावली पन हाय."

ईश्वरअप्पांना त्या घडीला आठवलं होतं की नाही, देव जाणे. माणूस काही रोज उठून दुष्टपणा करत नाही. आधी तो विसरतो, आणि मग आठवल्यावर गप्प बसतो. एवढ्यानं काम भागतं.

शिवाप्पा लारी घेऊन गायरानात पोचला तेव्हा साहेबांबरोबरचा पोलीस जवान मडकी मांडत होता. उलटी घातलेली मडकी, दोन रांगांत. मधून लारी न्यायची, टोकाला वळवायची, पुन्हा आणायची आणि शेवटी तशीच उलटी मागं घ्यायची. मडकं फुटलं की नापास. शिवाप्पानं खाली उतरून रांग पाहिली. दोन रांगांच्या मधोमध, कुंपणाच्या बाजूला, ती जागा होती. गवत नुकतंच धरू लागलं होतं.

तो ईश्वरअप्पांजवळ गेला, हळूच म्हणाला, "आप्पा, मडकी जरा तिकडं सरकवायला सांगा. माजी पोरगी हाय तितं."

ईश्वरअप्पांचा चेहरा क्षणभर उतरला. आता त्यांना नक्कीच आठवलं. पण तिकडं खुर्चीत साहेब पान चघळत होते आणि इकडं जिनात गाठी रचायला सुरुवात झाली होती.

"तोंडातून शबूद काढू नगंस," ते दातांतून बोलले. "कुणाच्या इजाजतीनं पुरलं इचारतील. उकरून बगतील. लायसन तर जाईलच, तू बी आत जाशील अन् जामीन मनून मला बी वढशील. माती हाय ती आता. गप गाडी चालीव."

उकरून बघतील, एवढं ऐकून शिवाप्पा लारीकडं वळला. त्यानं हँडल मारलं, लारी थरथरून चालू झाली. पहिल्या फेरीत त्या जागेजवळ येताच त्यानं स्टेरिंग फिरवलं आणि लारी मडक्यांना जवळजवळ घासत बाजूनं काढली. एकही मडकं फुटलं नाही. असली सफाई मानवतच्या लोकांनी पूर्वी पाहिली नव्हती. साहेबांनी मात्र हात वर केला.

"टेढा क्यों लिया?"

"खड्डा हाय, साहेब."

साहेबांनी जवानाला खुणावलं. जवान गेला, नालाचे बूट त्या जागेवर आपटून पाहिले, टाचेनं दाबून पाहिलं. शिवाप्पा लारीत बसून बघत होता. 

"गड्ढा नहीं हुजूर, मिट्टी नरम है."

साहेब हसले. "नरम मिट्टी से डरता है? बरसात में काली जमीन पर क्या करेगा? चल, ऊपर से ले. सीधा."

नेमकी तेव्हाच भागम्मा आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुझ्या नवऱ्याचा इम्तिहान चाललाय. फडक्यात भाकरी बांधून ती कौतुकानं आली होती, त्या माउलीच्या मनात दुसरं काही नव्हतं. तिनं मडकी पाहिली, लारीचं तोंड कुठं आहे ते पाहिलं. फडकं खाली ठेवलं, दोन रांगांच्या मधोमध चालत गेली आणि त्या जागेवर मांडी घालून बसली. रडली नाही, ओरडली नाही. नवऱ्याकडं बघत राहिली. तिला खात्री होती. लारी थांबेल, तो उतरेल, साहेबाला सांगेल, साहेबही लेकराबाळांचाच माणूस.

"ये कौन औरत है?" साहेबांनी विचारलं.

ईश्वरअप्पा चटकन पुढं झाले. "येडी हाय, साहेब. फिरत असती गायरानात."

"रोज आती है?" साहेबांच्या डोळ्यांत पोलिसाचा संशय चमकला. ते खुर्चीतून उठले, लारीजवळ आले. "तुम पहचानते हो इसको? यहाँ क्यों बैठी है?"

लारीचं इंजिन चालू होतं. शिवाप्पाला साहेब दिसत होते, साहेबांच्या मागं डोळे वटारून उभे असलेले ईश्वरअप्पा दिसत होते, आणि समोर ती दिसत होती. ही माझी बायको, एवढंच म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता. पुढच्या प्रश्नाचं उत्तर मातीखाली होतं. आणि खरं सांगायचं तर पोरीची विटंबना टाळावी हा विचार त्याच्या मनात होता तसा दुसराही होता. लायसनचा, हंगामाचा, वैरागच्या बंद दाराचा. दोन्ही विचारांनी मिळून त्याचं तोंड उघडलं.

"न्हाई, साहेब. म्या न्हाई वळखत."

भागम्मानं ते ऐकलं. इंजिनाच्या आवाजातही ऐकलं. जवान तिला दंडाला धरून उठवू लागला, तेव्हा ती स्वतःच उठली. दगडासारखी बसलेली बाई एकदम हलकी झाली, कुणीही न्यावं अशी. जवानानं तिला कुंपणापर्यंत फरफटत नेलं, खरं तर फरफटण्याची गरज नव्हती. तिथं उभी राहून तिनं सगळं पाहिलं.

शिवाप्पानं लारी सरळ घेतली. मऊ मातीत चाक किंचित दबलं, इतकं किंचित की साहेबांना कळलंही नसेल. त्याला कळलं. टोकाला वळून तो परत त्याच वाटेनं आला. मग साहेब म्हणाले, "अब पीछे," आणि त्यानं मान वळवून, मागं बघत, लारी उलटी त्याच जागेवरून नेली. पुढं बघून चालवताना माणूस निदान डोळे मिटल्यासारखं करू शकतो. मागं घेताना बघावंच लागतं.

"शाबास!" साहेब म्हणाले. "अंग्रेजी इलाके के लोग गाडी अच्छी चलाते हैं." साहेबांबरोबरच्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, तिथल्या तिथं लायसनवर शिक्का उठवला. ईश्वरअप्पांनी साहेबांना विडा दिला, शिवाप्पाच्या पाठीवर थाप मारली. जवानानं मडकी गोळा केली. भाकरीचं फडकं कुत्र्यानं ओढून नेलं.

घरी भागम्मा चुलीपुढं बसली होती. शिवाप्पा दारात उभा राहून बडबडत राहिला, "उकरून बगितलं असतं गं त्येंनी. मी काय मुद्दाम केलं का? तुझी आन हाय." तिनं ताट वाढलं. पाणी ठेवलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली ती मिठामिरचीपुरतं. पण गायरानात जायची ती काही थांबली नाही.

हंगाम जोरात झाला. लारी दिवसभर जिनातून स्टेशनला, स्टेशनातून जिनात पळत होती. मध्येच ईश्वरअप्पांनी नवं काम काढलं. "आमच्या चन्नबसप्पाला जरा शिकीव. पोरगं हौशी हाय." चन्नबसप्पा त्यांचा थोरला मुलगा, मिसरूड पिळणारा, लारीचा भोंगा वाजवण्यात पटाईत. शिकवायला मोकळी जागा कोणती? गायरान. शिवाप्पानं दुसरी जागा सुचवून पाहिली, ईश्वरअप्पांनी ऐकूनही घेतलं नाही. संध्याकाळी चन्नबसप्पा वेड्यावाकड्या फेऱ्या मारी आणि शिवाप्पा शेजारी बसून, "डावीकडं, मालक, डावीकडं," म्हणत राही. भागम्मा कुंपणापाशी उभी असे. लारी गेली की पुढं होऊन चाकांनी उकरलेली माती हातानं सारखी करी.

चैत्रात चन्नबसप्पाला लायसन मिळालं. तो मुल्की, बाप प्रतिष्ठित, साहेब जेवणावर खूश. इम्तिहान म्हणून साहेबांनी त्याला लारीत बसून भोंगा वाजवायला सांगितला म्हणतात. दुसऱ्या दिवशी ईश्वरअप्पांनी शिवाप्पाला बोलावलं. गरज सरो, वैद्य मरो.

"शिवाप्पा, आता घरचाच ड्रायव्हर हाय. तुजा जामीन मी काढून घेतलाय, साहेबांना कळीवलंय. वैट मानू नगंस. तू लय इमानी गडी."

जामीन गेला की गैरमुल्कीचं लायसन रद्द. मोगलाईत दुसरा कुणी जामीन राहायला तयार नव्हता, कारण ईश्वरअप्पांनी का काढला असेल, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. सोलापूरच्या जुन्या लायसनची मुदत केव्हाच सरली होती, आणि हद्दीपलीकडं इंग्रजांना हा कागद दाखवावा, तर ते तोही दोन बोटांनीच उचलणार. ज्याच्यासाठी सगळं केलं त्या कागदाचं आता चिलीम पुसायचं फडकं होण्याचीही लायकी नव्हती.

शिवाप्पानं बोचकं बांधलं. सोलापूरला गिरणीत काम मिळेल, असं कुणीतरी म्हटलं होतं. भागम्मा पदर खोचून दाराशी उभी होती. तिचं बोचकं कुठं दिसेना.

"चल गं. गाडी चुकंल."

"तुमी जावा."

"अन् तू?"

"मी जिनात सरकी येचायला लागले कालपासनं. खोलीचं भाडं त्यातून निगंल."

"येडी का खुळी तू? ह्या परमुलकात बाईमाणूस एकली ऱ्हाती व्हय? इथं कोण हाय तुजं?"

"माजी लेक हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी हलले की दुसऱ्या दिशी तितं कुणी बी काय बी करंल. मी हाय तवर माती तरी सारकी करीन."

शिवाप्पा खाली बसला. त्यानं तिच्या पायाकडे हात नेला, ती मागं सरली.

"भागम्मा, मी तुजा नवरा हाय गं."

"साहेबानं इचारलं तवा सांगायचं हुतं," ती म्हणाली, आणि उंबरा ओलांडून जिनाच्या रस्त्याला लागली.

 मानवत रोड स्टेशनवरच्या गाडीची वेळ झाली, म्हणून तो उठला.